दुसरा बकरा

३ मार्च, मंगळवार

चर्चच्या पाळकांनी आज गळ्यात धोंड बांधली. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, 'रक्त आणि प्रायश्चित्त' यावर दहा मिनिटं बोलायचं — मी! म्हणे, "अहो, तुम्ही दिवसभर रक्तातच असता. मंडळीत तुमच्याइतकं रक्ताचं कोणाला कळतं?" मी म्हटलं, रक्तपेढीत मी पिशव्या तपासतो आणि फ्रीजमध्ये ठेवतो. तेवढ्यावर धर्मज्ञान येत असेल तर कसायालाही बोलवा. हसले. म्हणाले, "कसाई आपल्या मंडळीत नाही. तुम्ही आहात."

'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि 'बघू' बाहेर पडलं. माझं हे नेहमीचंच. आता वाचावं लागणार.

५ मार्च, गुरुवार

बायबलातलं लेवीय वाचायला घेतलं. लहानपणी हे पुस्तक आम्ही पानंच्या पानं उलटून पुढे जायचो. चरबी, मूत्रपिंडं, रक्त शिंपडणं — वाचून जेवण नकोसं व्हायचं. आज कामावरून आल्यावर खिडकीशी बसून नीट वाचलं.

एक गोष्ट मला आजवर माहीतच नव्हती. मी समजत होतो की बळीचं जनावर याजक, म्हणजे पुरोहित, मारायचा. नाही! ज्याने आणलं त्यानेच मारायचं. आधी त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा — अंगाची ऊब हाताला लागली पाहिजे — आणि मग स्वतःच सुरी चालवायची. याजकाचं काम त्यानंतर सुरू होतं. म्हणजे पाप करून वर हात झटकून मोकळं होण्याची सोय नाही. हात भरणारच.

आणि दुसरं. ज्याची ऐपत मेंढराची नाही त्याने दोन पारवे आणावेत. तेही जमत नसेल तर थोडं सपीठ. पीठ! रक्ताचा थेंबही नाही, आणि क्षमा तीच. हे कधी कोणी व्यासपीठावरून सांगितल्याचं आठवत नाही.

८ मार्च, रविवार

आज प्रभुभोजन होतं, ख्रिस्ताच्या रक्ताची आठवण म्हणून सगळ्यांनी पेला घ्यायचा दिवस. मागच्या खोलीत मी नेहमीप्रमाणे काचेचे छोटे पेले पुसून द्राक्षरसाने भरले, ताटात लावले, वर पांढरं कापड टाकलं. चर्चची वडीलमंडळी ताटं घेऊन गेली. मग दार लोटून घेतलं आणि सुरई धुवायला लागलो.

सुरई धुवायला इतका वेळ लागत नाही. पण पलीकडे सगळे उठून पेला घेतात तेवढा वेळ ती मी धूत असतो. वर्षानुवर्षं. कोणाच्या लक्षात आलेलं नाही. उलट कौतुकच होतं — किती निगुतीने करतात! जो वाढतो तो जेवला की नाही हे कोणी विचारत नाही.

मी तो पेला घेत नाही. का, ते आज लिहीत नाही.

११ मार्च, बुधवार

रेडिओला भाषणाचं सांगण्याची चूक केली. (रेडिओ म्हणजे आमच्या नोंदणीच्या खिडकीवरची बाई. एकदा सुरू झाली की बंद करायचं बटण नाही.) दुपारपर्यंत सगळ्या मजल्याला कळलं. "काका, आमच्यासाठी पण प्रार्थना करा हं, ओ निगेटिव्ह संपलंय!"

हसू आलं. मग घरी आलो, कुलूप काढलं, दिवा लावला आणि दिवसभरात ज्यावर हसलो ते सांगायला कोणी नव्हतं. एकटेपणाची सवय होते म्हणतात. होत नाही. एका माणसाचा स्वयंपाक करायची होते.

वाचन पुढे. प्रायश्चित्ताचा दिवस आला, दोन बकऱ्यांचा. दोघांवर चिठ्ठ्या टाकायच्या. एक देवासाठी मारायचा आणि त्याचं रक्त पडद्याच्या आत नेऊन, देव जिथे भेटतो त्या दयासनावर शिंपडायचं. दुसरा मारायचा नाही. मुख्य याजकाने दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवून सगळ्या लोकांची पापं मोठ्याने बोलायची, ती त्याच्या डोक्यावर लादायची, आणि एका नेमलेल्या माणसाबरोबर त्याला ओसाड रानात सोडून द्यायचं.

हा दुसरा बकरा डोक्यातून जाईना. पहिल्याचं निदान सगळ्यांना दिसतं — वेदी, रक्त, धूप. दुसरा चालत जातो. लोक तंबूत परततात, हलके होऊन जेवायला बसतात. त्याचं पुढे काय झालं हे लिहिलेलंही नाही. त्या रानात पहिली संध्याकाळ झाली तेव्हा तो कुठे उभा होता? कळपाकडे परत यायला निघाला असेल का?

भाषण यावरच करायचं. ठरलं.

१४ मार्च, शनिवार

पेढीच्या फोनवर बाईचा आवाज. "भाऊजी, मी बोलतेय."

"कोण मी?"

"ओळखलं नाहीत ना. बरोबर आहे."

वहिनी! दादाची बायको. दादाच्या हृदयाची झडप खराब झाली आहे. तिकडच्या डॉक्टरांनी हात टेकले, शस्त्रक्रियेसाठी आमच्याच इस्पितळात पाठवलंय. सोमवारी येतायत. "यांनी बजावलंय, बारक्याला कळवायचं नाही. म्हणून कळवतेय."

बारक्या. ते नाव किती वर्षांनी कानावर पडलं. मी म्हटलं, बरं, येताना जुने रिपोर्ट आणा. आणि फोन ठेवला. विचारपूस केली नाही. त्यांनी 'तुम्ही कसे आहात' विचारलं असतं तर काय सांगितलं असतं?

१५ मार्च, रविवार

चर्चला गेलो नाही. आज लिहूनच टाकतो. इथे कोण वाचणार आहे!

बाबांचं अर्धं अंग गेलेलं होतं. आई नोकरी करायची. बाबांजवळ एक दिवस दादाने बसायचं, एक दिवस मी. त्या दुपारी पाळी दादाची होती. तो बाहेरून कडी लावून मित्रांकडे मॅच बघायला गेला. बाबा पाण्यासाठी उठले असावेत. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पडलेले सापडले. मी कॉलेजातून आलो तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं आणि दादा सांगत होता, "आज बारक्याची पाळी होती."

पाळ्या आम्ही आपसात बदलायचो, त्यामुळे खरं-खोटं करणार कोण? मी तोंड उघडलं होतं. पण आई दादाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. तिला रडायला एक तरी मुलगा हवा होता. मी मूग गिळून बसलो. वाटलं, चार दिवसांनी दादा स्वतःच सांगेल.

नाही सांगितलं. खापर माझ्या डोक्यावर फुटलं ते फुटलंच. चोर सोडून संन्याशाला फाशी!

तिकडच्या मंडळीची एक रीत होती. ज्याच्यावर काही आरोप असेल त्याने कबूल करेपर्यंत प्रभुभोजनाचा पेला घ्यायचा नाही. वडीलमंडळींनी मला घरी येऊन गोड शब्दांत समजावलं. मी काय कबूल करणार होतो? न केलेलं? मग मी बाकावर बसून राहायचो. ताट हातोहात यायचं, आणि माझ्याजवळ आलं की शेजारचा माणूस ते माझ्या डोक्यावरून पलीकडे द्यायचा. अजून डोळ्यांपुढे आहे ते ताट.

एके दिवशी बॅग भरली आणि इथे आलो. आईचा फोन यायचा. पहिल्याच वाक्यात मी तिला सांगायचो — दादाचं नाव काढायचं नाही. काढलं की फोन ठेवून द्यायचो. बिचारी मग हवेबद्दल बोलायची. ती गेली तेव्हा मातीला गेलो, कबरस्तानाच्या फाटकाशीच उभा राहिलो. दादा गर्दीतून माझ्याकडे यायला निघालेला दिसला. मी समोरून आलेल्या बसमध्ये चढलो. कुठे जाते तेही बघितलं नाही.

मला त्याच्याकडून फार काही नको आहे. त्याने एकदा, फक्त एकदा, तोंडाने म्हणावं — पाळी माझी होती.

१७ मार्च, मंगळवार

काल आले. आज जेवणाच्या सुट्टीत वॉर्डात गेलो. दारातून आधी ओळखलंच नाही. उशीला टेकून बसलेला एक म्हातारा, गालफडं बसलेली. मग त्याने कपाळावर हात फिरवला — बाबांसारखा — आणि कळलं.

"बारक्या, केस गेले की रे सगळे."

"तुझेही कुठे राहिलेत."

झालं. इतक्या वर्षांनी दोन भाऊ भेटले आणि टकलांवर बोलले! मग चहा पातळ मिळतो यावर, खिडकीतून येणाऱ्या उन्हावर. वहिनी एकदा याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. निघताना दादा म्हणाला, "तुला सांगायचं होतं, ते त्या दिवशीचं—" आणि मी काय करावं? मी म्हटलं, "आता बोलू नकोस, धाप लागेल."

जन्मभर ज्या वाक्याची वाट बघितली ते ओठांवर आलं होतं आणि मीच दार आपटलं! का? कारण माझा दादा असा आजारी, केविलवाणा होऊन ते बोलणार हे मला नको होतं. मला तो उभा हवा होता, धडधाकट, सगळ्यांसमोर. मेहेरबानी झाल्यासारखं मरणाच्या दारात दिलेलं नको.

किती खडूस झालोय मी. एकटा माणूस खडूस होतोच, त्याला कोणी अडवत नाही.

१९ मार्च, गुरुवार

भाषणाचा खर्डा पाळकांना वाचून दाखवला. रानात सोडलेला बकरा, लोकांचं पाप त्याच्या डोक्यावर, त्याचं एकटं चालत जाणं. वाचताना माझाच आवाज एका ठिकाणी कापला. चांगलं जमलंय असं वाटलं.

पाळकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "छान आहे हो. फक्त यात ख्रिस्त कुठे दिसला नाही. त्या बकऱ्यात सगळीकडे तुम्हीच दिसताय."

राग आला. दिलेला चहा तसाच टाकून आलो.

२२ मार्च, रविवार

राग अजून गेलेला नाही. पण माणूस चुकीचं बोलला नाही, हीच तर पंचाईत आहे.

परत वाचलं. एक वाक्य आधी नजरेतून निसटलं होतं. रक्तात जीव असतो, आणि वेदीवर प्रायश्चित्तासाठी ते *मी तुम्हाला दिलं आहे*, असं देव म्हणतो. मी आजवर उलटं समजत होतो — देव रागावलेला, त्याला शांत करायला माणसाने रक्त आणून द्यायचं, दारातल्या वसुलीवाल्याला द्यावं तसं. इथे तर देणारा तोच. आपण आणतो ते आधी त्याने दिलेलंच असतं. मग किंमत कोणी कोणाला चुकवली?

बायबलातल्याच, इब्री लोकांसाठी लिहिलेल्या पत्रात पुढचं सापडलं. बळीचं रक्त आत जायचं आणि त्याचं धड छावणीबाहेर जाळलं जायचं. येशूनेही वेशीबाहेरच सोसलं, असं लिहिलंय. म्हणजे दोन बकरे वेगळे राहिलेच नाहीत. ज्याचं रक्त आत गेलं तोच बाहेरही काढला गेला. आणि पुढे म्हटलंय, चला, आपणही छावणीबाहेर त्याच्याकडे जाऊ.

मी समजत होतो बाहेर फक्त मी आहे. तिथे कोणीतरी आधीच उभं आहे हे वाचून बरं वाटलं. पण खरं सांगायचं तर थोडंसंच. ख्रिस्त माझ्याबरोबर बाहेर आहे म्हणून घरी चहाला कोणी येत नाही.

२४ मार्च, मंगळवार

आज स्वतःचं हसं करून घेतलं!

शस्त्रक्रिया शुक्रवारी. दादासाठी रक्त राखून ठेवायचंय. गट माझाच. सकाळी आलो, कोणाला न विचारता दात्यांच्या खुर्चीत जाऊन आडवा झालो आणि बाही वर केली. रेडिओला म्हटलं, "लिही, माझ्या भावासाठी." तिने जाऊन डॉक्टरबाईंना बोलावलं.

डॉक्टरबाई तरुण आहेत. शिकत होत्या तेव्हा याच टेबलावर माझ्याकडून कामं शिकल्यात. माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "सर, सख्ख्या भावाचं?"

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रोज, अक्षरशः रोज मी या खिडकीतून नातेवाईकांना परत पाठवतो. मुलगा म्हणतो माझ्या आईला माझंच रक्त द्या, बहीण म्हणते भावाला माझं द्या. मी समजावतो — बाबांनो, जवळच्या नात्यातलं रक्त धोक्याचं. परक्याच्या पेशी शरीर ओळखतं आणि मारून टाकतं. घरच्यांच्या ओळखत नाही, आपल्याच समजून राहू देतं, आणि क्वचित त्याच आतून शरीरावर उलटतात. वाचवायचं तर आधी किरण देणारं यंत्र लागतं, ते आपल्याकडे नाही. तुम्ही द्या, ते दुसऱ्या कोणाला जाईल. तुमच्या माणसाला परक्याचं मिळेल, तेच बरं.

हे सगळं मला झोपेत विचारलं तरी येतं. आणि मीच बाही वर करून पडलो होतो!

"देणार असाल तर घेते सर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण तुमच्या भावाला नाही जाणार."

मी म्हटलं, "मग राहू द्या," आणि उठलो. मागून रेडिओ पुटपुटली, "लोका सांगे ब्रह्मज्ञान..." पुढचं तिने गिळलं.

संध्याकाळी घरी बसून विचार केला. मला काय हवं होतं? दादाच्या अंगात माझं रक्त फिरावं. त्याने शुद्धीवर येऊन ते ऐकावं. मग त्याला मान वर करून माझ्याकडे बघता येणार नाही. हे दान नव्हतं. ही माझी वेदी होती आणि बळी म्हणून मी स्वतःला चांगला सजवला होता. सूड, दुसरं काय!

२५ मार्च, बुधवार

सकाळी जाऊन रक्त दिलं. कोणासाठी ते सांगितलं नाही. ज्याला जाईल त्याला जाईल. रेडिओने बिस्किटं दिली आणि पहिल्यांदाच काही बोलली नाही.

दुपारी दादाकडे गेलो. केसांचा विषय संपला होता, मग शाळेतल्या मास्तरांच्या नकला केल्या. दादाला अजून तंतोतंत येतात. हसता हसता त्याला खोकला आला आणि वहिनींनी मला हाकलून लावलं.

जिना उतरताना बाबा आठवले. आई आठवली. माझ्या ओळखीच्या माणसांत आई आणि बाबा दोघांनाही पाहिलेलं दुसरं माणूस एकच उरलंय, आणि ते शुक्रवारी टेबलावर जाणार.

२७ मार्च, शुक्रवार

रात्री उशिरा लिहायला बसलोय.

झडप बसवली. बाहेर आणलं. मग रक्त थांबेना. परत आत नेलं, परत उघडलं. आमच्या खिडकीत निरोपावर निरोप — आणखी एक पिशवी, आणखी एक. दादाचं नाव लिहिलेली मागणीची चिठ्ठी मीच हातात घेत होतो, मीच जुळवून बघत होतो. रक्ताची एकच नळी मी तिसऱ्यांदा तपासायला घेतली तशी डॉक्टरबाईंनी ती माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाल्या, "सर, तुम्ही आज बाहेरच्या बाकावर बसा. आज तुम्ही नातेवाईक आहात."

नातेवाईक! हा शब्द माझ्यासाठी कोणी शेवटचा कधी वापरला होता?

बाकावर वहिनींशेजारी बसलो. समोरून पिशव्या जात होत्या. एकही माझी नव्हती. कोणाकोणाचं असेल ते? कोणी दुकानदार, कोणी शिक्षिका, कोणी रविवारी सहज येऊन देऊन गेलेला. त्यांना दादा माहीत नाही, दादाने कोणाचं काय केलं हेही माहीत नाही. विचारलं नाही, हिशेब मागितला नाही. देऊन बिस्किट खाऊन निघून गेले. मला एकदम रडू कोसळलं. वहिनींना वाटलं मी भावासाठी रडतोय. तेही होतंच.

प्रार्थना केली. बऱ्याच वर्षांनी काहीतरी मागितलं. त्याने कबूल करावं हे नाही मागितलं. तो जगावा एवढंच.

२८ मार्च, शनिवार

रक्त थांबलं. अजून डोळे उघडलेले नाहीत.

१ एप्रिल, बुधवार

दादाला वॉर्डात आणलं. घशात नळी होती त्यामुळे आवाज बसलाय. माझा हात धरून पडून राहिला. मीही सोडवून घेतला नाही. परिचारिका म्हणाली, "वेळ संपली." मी म्हटलं, मी इथलाच आहे. खोटं नाही.

भाषणाचा जुना खर्डा फाडून टाकला. परवा काय बोलणार, देव जाणे.

३ एप्रिल, शुक्रवार

बोललो. पिठापासून सुरुवात केली. सांगितलं की ज्याच्याकडे काहीच नव्हतं त्याच्यासाठीही देवाने वाट ठेवली होती. मग रक्ताचं. रक्तपेढीत आम्ही आपल्या माणसाचं रक्त आपल्या माणसाला देत नाही. परक्याचं देतो, आणि ते देणाऱ्याला कधी कळतही नाही कोण वाचलं. ख्रिस्ताचं रक्त हे देवाला पटवायला कोणी दिलेली लाच नाही, असं मी म्हटलं. देवानेच स्वतःचा जीव आपल्या हाती दिला. अपराध्याला आत घेता यावं म्हणून तो स्वतः बाहेर गेला. शेवटी म्हटलं, जो आज बाहेर आहे त्याने आत यायला आणखी काही आणायची गरज नाही. हे वाक्य मी कोणाला सांगत होतो ते मला माहीत होतं.

मागच्या बाकावरचे एक आजोबा घोरत होते. एका आजीबाईंनी नंतर हात धरून सांगितलं, "छान बोललात हो, माइक बंद होता." पाळक मात्र जवळ आले. पाठीवर हात ठेवून जरा वेळ उभे राहिले.

उद्या ते दादासाठी प्रभुभोजन घेऊन वॉर्डात येणार आहेत. पेला मी भरून देणार. मी घेणार नाही. तोंडाने एवढं सगळं बोललो, पण ते ताट डोक्यावरून गेलेलं अजून उतरत नाही. आणि दादा माझ्यासमोर तो पेला पिणार, इतकी वर्षं पीत आला असेल तसा. त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही असं ठरवलंय. ठरवलंय खरं.

४ एप्रिल, शनिवार

पाळकांनी प्रार्थना केली आणि पेला दादापुढे धरला. दादाने तोंड फिरवलं.

पाळक बुचकळ्यात. वहिनी म्हणाल्या, "हे घेत नाहीत. भाऊजी घर सोडून गेले त्याच वर्षी यांनी मंडळीसमोर उभं राहून सगळं सांगितलं, पाळी माझी होती म्हणून. सगळ्यांनी क्षमा केली, ताट पुढे केलं. हे म्हणाले, बारक्या येऊन शेजारी बसेपर्यंत मला नको." मग माझ्याकडे वळून, "आईंनी सांगितलंच असेल तुम्हाला. तुम्ही तरी घेत असाल ना तिकडे?"

मी मान हलवली. नाही.

दादा माझ्याकडे बघतच राहिला. मग त्या बसलेल्या आवाजात म्हणाला, "गाढवा! म्हणजे दोघंही उपाशीच?"